दहावीचं वर्ष आणि खो-खोचा संघ

'दहावीला खेळ बंद' हा फतवा बहुतेक घरांत जूनमध्येच निघतो. आमच्याकडेही निघाला होता, सरांनी घरी येऊन आई-बाबांना समजावलं म्हणून मैदान टिकलं. आता शाळेच्या संघातल्या मुली मला विचारतात, "ताई, पुस्तक उघडलं की लक्षच लागत नाही, काय करू?" मी आधी उलट विचारते, काल किती वाजता झोपलीस? सरावानंतर काय खाल्लंस?

यात टोमणा नाही. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. पहाटे साडेपाचला उठायचं असेल तर साडेनऊला आडवं व्हायलाच हवं. क्लासचा गृहपाठ राहिला तर राहू दे. अर्धवट झोपेत सोडवलेली बीजगणिताची उदाहरणं दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवावी लागतात. संध्याकाळी मैदानातून आल्यावर आधी पाणी आणि खाणं: केळं, गूळ-शेंगदाणे, पोळी-भाजी, जे घरात असेल ते. उपाशीपोटी पुस्तक घेऊन बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

दुसरी गोष्ट, सरावानंतर काय वाचायला घेता ते. इतिहासाचं पुस्तक घेऊन गादीवर पडलात की दुसऱ्या परिच्छेदाला डोळे मिटलेच म्हणून समजा. दमलेल्या अंगाला हात चालवायचं काम द्यावं. भूमितीची रचना, विज्ञानाच्या आकृत्या, समीकरणं, तीही टेबलावर बसून. पाठांतर आणि धडे वाचायचे ते सुट्टीच्या सकाळी किंवा सराव नसेल त्या दिवशी.

आणि दोन-दोन तास बैठक मारायचा हट्ट नको. पाटीत बसलेली खेळाडू काय करते, आठवा. आठ जणी आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या असतात. धावणारी पाठीमागून येते, हाताचा स्पर्श आणि 'खो' एकदमच, आणि तुम्ही उठता. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. त्या क्षणी प्रेक्षकांत कोण ओरडतंय हे ऐकू येत नाही, कारण समोर करायचं काम एकच असतं. अभ्यासाचंही तसंच ठरवून घ्या: अर्धा तास, एकच प्रकरण, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मग उठून फेरी मारा. 'आज विज्ञान करते' यापेक्षा 'आज भिंगाच्या सूत्राची पाच उदाहरणं' हे ठरवलेलं बरं. सुरुवात कुठून करायची याचाच विचार करत बसण्यात वेळ जात नाही.

खरी कसरत पावसाळा सरता सरता असते. तालुका, जिल्हा, मग विभाग. जिंकत गेलात तर स्पर्धा नेमक्या सहामाहीच्या तोंडावर येतात. प्रवासात वाचायला जाऊ नका, एसटीत डोकं गरगरतं. आम्ही मागच्या सीटवर एकमेकींना व्याख्या विचारायचो आणि जी चुकेल तिने पुढच्या थांब्यावर सगळ्यांच्या बाटल्या भरून आणायच्या. (मी पुष्कळ बाटल्या भरल्या.)

शाळा बुडते तेव्हा सगळ्यांत आधी मागे पडते ती प्रयोगवही, आणि तिकडेच कोणाचं लक्ष नसतं. विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन लेखी पेपर आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. त्यामुळे जाण्याआधीच वर्गशिक्षकांना तारखा सांगा, कोणते प्रयोग बुडणार ते विज्ञानाच्या बाईंना विचारून ठेवा, आणि वह्या कोणाकडून घ्यायच्या ती मैत्रीण पक्की करा. परत आल्यावर सांगितलं की शिक्षक वैतागतात. त्यांचंही बरोबर असतं.

राहिले क्रीडा गुण. ते मिळतात, पण किती ते कोणत्या पातळीवर खेळलात यावर ठरतं आणि नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक शाळेतूनच बघून घ्या. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे आणि तिथून मंडळाकडे जातो. प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या रजिस्टरप्रमाणेच आहे ना, हे बक्षीस समारंभातच तपासा. नंतर दुरुस्तीला हेलपाटे घालावे लागतात, आणि तेही नेमके फेब्रुवारीत.