शाल-श्रीफळ नको, नेमकं पत्र द्या

उद्योजकाची नवी कल्पना मंजुरीपर्यंत नेणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याचं कौतुक करायचं तर प्रशंसापत्र द्या. अमेरिकेत छोट्या उद्योगांच्या संशोधनासाठी 1982 मध्ये कायदा झाला. त्यातल्या संशोधन-निधी योजनेचे जनक रोलंड टिबेट्स हे सरकारी अधिकारी. त्यांच्या नावाने तिथे पुरस्कार आहे. आपल्याकडे असा कर्मचारी बदली होऊन जातो आणि कागदावर काहीच राहत नाही.

पत्र कोणासाठी लिहायचं, ही निवड आधी नीट करा. फाइल वेळेत पुढे सरकवणं ही नोकरीच आहे, त्याचं कौतुक कशाला? वाळूज औद्योगिक वसाहतीतला उद्योजक नव्या यंत्राची कल्पना घेऊन आला की त्याला सरसकट पीएमईजीपीचा (नवा छोटा उद्योग सुरू करायला कर्जावर अनुदान देणारी योजना) अर्ज दिला जातो. ‘ही योजना तुमच्यासाठी नाही, एमएसएमई इनोव्हेटिव्ह या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारी योजनेत होस्ट इन्स्टिट्यूट म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेमार्फत जा, तिथे एका कल्पनेला 15 लाखांपर्यंत मदत मिळते’ असं सांगून जो प्रस्तावाला बसतो, तो खरा. त्रुटी एकेक करून चार महिने न काढता एकाच पत्रात कळवणारासुद्धा.

पत्र त्याच्या वरिष्ठांना लिहा. जिल्हा उद्योग केंद्रातला कर्मचारी असेल तर महाव्यवस्थापकांना, प्रत विभागीय उद्योग सहसंचालकांना. मसिआ किंवा सीएमआयए या मराठवाड्यातल्या उद्योजक संघटनांच्या लेटरहेडवर गेलं तर वजन पडतं. एक पान पुरे. ‘अत्यंत कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ’ ही विशेषणं साहेब वाचतही नाहीत. प्रस्तावाचा क्रमांक, तारखा, त्याने नेमकं काय केलं आणि मंजूर रक्कम एवढंच लिहा. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. नाहीतर पत्र टपालातच राहतं.

कर्मचाऱ्याच्या कामाच्या मूल्यमापनाचं अहवाल वर्ष 31 मार्चला संपतं. फेब्रुवारीत पत्र पोचलं तर स्वयंमूल्यांकनात त्याचा उल्लेख करता येतो आणि सीआर (गोपनीय अहवाल) लिहिणाऱ्याच्या हाती पुरावा राहतो. एप्रिलमध्ये दिलेलं पत्र बहुधा वाया जातं.

जाहीर सत्काराची हौस आवरा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतल्या नियम 14 नुसार आपल्या सन्मानार्थ कार्यक्रम किंवा मानपत्र स्वीकारायला पूर्वपरवानगी लागते. राज्याच्या 1979 च्या नियमांतही अशी अट आहे. म्हणजे फ्लेक्स तुमचा, नोटीस त्याला. कार्यक्रम करायचाच असेल तर आधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. पाकीट, भेटवस्तू अजिबात नको.

तुमचा स्वतःचा अनुदानाचा हप्ता किंवा दुसरा अर्ज त्याच टेबलावर अडकलेला असेल तर थांबा. तेव्हाची स्तुती लाच नसली तरी तशीच दिसते. आणि ज्या लिपिकाने परिशिष्टं जुळवून दिली, त्याचंही नाव पदासह घाला. साहेबाच्या सहीखाली ते कायम झाकलं जातं.