बेन किंग्झलींवर नव्वद मिनिटं : बडोद्यातल्या मंडळासाठी कार्यक्रम कसा बांधावा

ब्रिटिश नटाची कारकीर्द सिनेमांच्या यादीवरून मांडायला घेतली की हमखास फसगत होते. बेन किंग्झलींना १९८३ साली ‘गांधी’साठी बाफ्ताचं (ब्रिटनच्या चित्रपट पुरस्कारांचं) सर्वोत्तम अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, आणि त्याच वेळी ‘होतकरू नवोदित’ म्हणूनही मिळालं. वय ३९, आणि रॉयल शेक्सपिअर कंपनी या ब्रिटिश नाटक कंपनीत पहिलं पाऊल टाकून पंधरा-सोळा वर्षं उलटलेली! कार्यक्रमाचा कणा ही पंधरा वर्षं. ती गाळलीत तर उरतं ते गूगलवर कुणालाही सापडणारं.

पहिलं काम तक्त्याचं. एका वहीत तीन रकाने आखा : रंगमंच, सिनेमा, दूरदर्शन. रंगमंचाचा रकाना आधी भरा. १९६७ला कंपनीत प्रवेश, १९७०ला पीटर ब्रुक यांच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये डिमिट्रियस, १९७५ला बझ गुडबडी यांनी बसवलेला हॅम्लेट, तोही ‘द अदर प्लेस’ या स्ट्रॅटफर्डच्या छोट्या जागेत, १९८०ला ‘निकोलस निकल्बी’त क्रूर शाळामास्तर स्क्वीअर्स, १९८५ला ऑथेल्लो, समोर इयागो म्हणून डेव्हिड सुशे. आता सिनेमाचा रकाना पाहा. १९७२च्या पहिल्या चित्रपटानंतर थेट ‘गांधी’पर्यंत तो जवळजवळ कोराच राहतो. हा कोरा भाग पडद्यावर तसाच दाखवा, झाकू नका.

नाटकांच्या सालांत घोळ होतो तो कंपनीच्या पद्धतीमुळे. प्रयोग स्ट्रॅटफर्डला उघडायचा आणि पुढे लंडनला जायचा, त्यामुळे एकच नाटक दोन सालांखाली दिसतं. पहिल्या प्रयोगाचं साल धरा. सिनेमाला तर तीन-तीन सालं चिकटतात : ‘गांधी’चं चित्रीकरण नोव्हेंबर १९८० ते मे १९८१, पहिला खेळ दिल्लीत ३० नोव्हेंबर १९८२ला, ऑस्कर एप्रिल १९८३मध्ये. तक्त्यात प्रदर्शनाचं साल लिहा, बाकीची तोंडी सांगा.

नावाबद्दल प्रश्न येणारच; बडोद्यात तर पहिला येईल. मूळ नाव कृष्णा भानजी, वडील झांझिबारमध्ये जन्मलेले डॉक्टर, घराणं मूळचं गुजराती खोजा. परकं नाव आड येईल या धास्तीने त्यांनी ते बदललं. शेजारच्या गुजराती प्रेक्षकांना बोलावणार असाल तर हा भाग सुरुवातीलाच घ्या, मागे ठेवलात तर सभागृह त्याचीच वाट बघत बसतं. २००२मध्ये नाइटहुड मिळाल्यावर ते ‘सर बेन’ झाले. ‘सर किंग्झली’ म्हणू नये. ही पदवी पहिल्या नावालाच लागते.

वेळेची वाटणी : ४५ मिनिटं बोलणं, १५ मिनिटं चित्रफिती, १५ मिनिटं वाचन, बाकी प्रश्न. मंचावर मराठी मिनिटाला साधारण ११० शब्दांच्या गतीने बरं ऐकू येतं, म्हणजे बोलण्याचा मजकूर पाच हजार शब्दांपलीकडे नको.

वाचन सोडू नका. जुने प्रयोग कॅमेऱ्यात क्वचितच साठवलेले आहेत. त्या जागी स्थानिक नटांकडून आपल्याच परंपरेतल्या मराठी रूपांतरांचे प्रवेश वाचून घ्या : हॅम्लेटसाठी आगरकरांचं ‘विकारविलसित’, ऑथेल्लोसाठी देवलांचं ‘झुंजारराव’. जुनी भाषा पहिल्या वाचनात अडखळते, म्हणून किमान तीन तालमी. संहिता मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आधी विचारा.

चित्रफिती चारच, प्रत्येकी दोन ते चार मिनिटं. इथे एक खड्डा आहे. ‘निकोलस निकल्बी’चं दूरदर्शनसाठी केलेलं चित्रीकरण मिळतं, पण त्यात स्क्वीअर्स अलन आर्मस्ट्राँग आहेत. ती फीत किंग्झलींची म्हणून लावली तर जाणकार माणूस मध्येच उठून सांगेल. ‘गांधी’तून मोठ्या गर्दीचे प्रसंग नकोत. आफ्रिकेतल्या आश्रमात शौचालय साफ करण्यावरून कस्तुरबांशी होणारं भांडण घ्या : समोर रोहिणी हट्टंगडी आहेत (त्यांनाही बाफ्ता मिळालं), आणि रंगमंचाचा नट कॅमेऱ्यापुढे आवाज किती आवरतो ते तिथे दिसतं. श्रीराम लागूंचे गोखलेही याच चित्रपटातले, मराठी प्रेक्षकांसाठी तेवढा उल्लेख हवाच. ‘सेक्सी बीस्ट’मधला (२०००) डॉन लोगन हा त्यांचा गुंड गांधींच्या अगदी उलट टोकाचा, पण तोंडात शिव्यांचा पट्टा आहे, मुलं असतील तर तो तुकडा गाळा आणि ‘शिंडलर्स लिस्ट’मधला, किंग्झलींचा हिशेबनीस स्टर्न यादी टंकतो तो प्रसंग लावा.

मराठी उपशीर्षकं एसआरटी (.srt, उपशीर्षकांची साधी मजकूर फाइल) फाइलमध्ये करा, साठवताना ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८च (UTF-8) निवडा. नाहीतर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं येतात. फाइलचं नाव चित्रफितीच्या नावाशी तंतोतंत जुळवा. एका वेळी दोन ओळी, ओळीत ३५-४० अक्षरं.

आवाजाची गफलत बहुतेक वेळा केबलमध्ये असते. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून एकच स्टिरिओ पिन मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो इनपुटमध्ये खुपसली की संगीत ऐकू येतं, संवाद गायब. इनपुट दोन बाजूंचा आवाज एकमेकांतून वजा करतो, आणि संवाद दोन्हीकडे सारखाच असल्याने पुसला जातो. एका टोकाला ३.५ मिमीची, दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली केबल घ्या आणि दोन चॅनेल वापरा. गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

‘शिंडलर्स लिस्ट’ कृष्णधवल आहे. खिडक्यांतून उजेड येत असेल तर राखाडी चिखल दिसेल. अशा सभागृहात कार्यक्रम संध्याकाळी सातनंतरच ठेवा आणि त्याच वेळेला आदल्या दिवशी पडद्यावर एकदा लावून पाहा.