१९५८ चं इराक: राजेशाही का उलटली हे सांगताना या चुका टाळा

१४ जुलै १९५८ ला पहाटे बगदादमध्ये लष्कराने बंड केलं, २३ वर्षांचा राजा फैसल दुसरा, त्याचा मामा अब्दुल इलाह आणि घरातली आणखी काही माणसं रिहाब राजवाड्यातच गोळ्या घालून मारली गेली, आणि १९२१ पासून चालत आलेली, ब्रिटिशांनी बसवलेली हाशिमी राजेशाही काही तासांत संपली. आता हे का झालं असं विचारलं की परीक्षेच्या उत्तरात असो नाहीतर व्हिडिओत, एकाच दमात इजिप्तचा अध्यक्ष नासेर, तेल, गरिबी, ब्रिटिश अशी नावं येतात आणि विषय संपतो. माझ्या मते इथे प्रश्न तीन आहेत आणि ते वेगळे ठेवलेच पाहिजेत: लोक कशाने चिडले होते, मग ते काम लष्करानेच का केलं, आणि त्याच रात्री का झालं. बहुतेक चुका एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्याने होतात.

"नासेरच्या नादाने झालं"

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कैरोचा 'सौत अल-अरब' रेडिओ इराकी पंतप्रधान नुरी अल-सईदच्या नावाने रोज आग ओकायचा हे खरं, इजिप्तमध्ये जुलै १९५२ ला राजा फारूकला घालवलं ते बघून इराकी अधिकाऱ्यांनीही 'फ्री ऑफिसर्स' असंच नाव घेतलं हेही खरं. पण इराकी लष्कराने सरकार पाडायची सवय कैरोकडून घेतलेली नाही. १९३६ मध्येच जनरल बक्र सिद्कीने बगदादमध्ये बंड करून सरकार बदलायला लावलं होतं, अरब जगातलं ते पहिलं लष्करी बंड मानतात, आणि तेव्हा नासेर कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. शिवाय सत्ता आल्यावर बंडाचा म्होरक्या कासिमने इराकला नासेरच्या संयुक्त अरब प्रजासत्ताकात (इजिप्त आणि सीरियाच्या संघात) नेलं नाही, उलट बंडातला त्याचा साथीदार आरिफ ते मागत होता, त्यालाच दोन-तीन महिन्यांत पदावरून काढलं. नासेरचा माणूस असता तर असं वागला असता का?

"देश गरीब होता म्हणून"

हे अर्धंच बरोबर आहे आणि अर्धं बरोबर असल्यामुळेच जास्त फसवतं. १९५० च्या दशकात इराककडे पैसा येत होता, १९५२ मध्ये इराक पेट्रोलियम कंपनीशी नफा निम्मा-निम्मा वाटायचा करार झाला आणि उत्पन्न काही वर्षांतच कितीतरी पट वाढलं. त्यातला ७० टक्के पैसा डेव्हलपमेंट बोर्डाकडे जायचा आणि बोर्डाने कामंही खरोखर केली, थर्थारचा प्रकल्प १९५६ ला सुरू झाला आणि तिग्रिसच्या पुरापासून बगदादला मोठा दिलासा मिळाला. म्हणजे राजवट नुसती खात बसली होती असं लिहिलंत तर ते चुकीचं ठरेल.

घोळ जमिनीत होता. ब्रिटिशांनी आणि नंतर राजाच्या सरकारांनी टोळ्यांच्या शेखांना हाताशी धरलं, जी जमीन आधी टोळीची म्हणून कसली जायची ती १९३० च्या दशकातल्या कायद्यांनी शेखांच्या नावावर चढत गेली, आणि १९३३ च्या कायद्याने तर कुळाच्या डोक्यावर मालकाचं कर्ज असेल तर ते फेडेपर्यंत त्याला जमीन सोडून जाता येईना. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते, कारण पार्लमेंटमध्ये तेच शेख बसलेले, त्यामुळे जमीन सुधारणा करायची म्हटली तरी मत कोण देणार. मग अमारा, कुत या दक्षिणेकडच्या भागांतून माणसं पळून बगदादला आली आणि शहराच्या कडेला बोरूच्या चटया आणि चिखलाच्या झोपड्यांत, ज्यांना तिथे सरीफा म्हणतात, राहायला लागली. धरणाने पाणी आलं तरी जमीन शेखाची, म्हणजे फायदा त्यालाच. तेलाच्या पैशाने दरी बुजली नाही, वाढली.

पण लक्षात घ्या, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. रणगाड्यात अमाराचं कूळ बसलेलं नव्हतं, ऑफिसर बसले होते. गरिबीवरून थेट बंडावर उडी मारू नका, मधली पायरी सांगा. ती पायरी म्हणजे राजकारणाचे बाकी सगळे दरवाजे बंद झाले होते. जानेवारी १९४८ मध्ये ब्रिटनशी केलेल्या पोर्ट्समथ कराराविरुद्ध बगदादचे रस्ते भरले, पुलावर गोळीबार झाला, करार गुंडाळावा लागला. नोव्हेंबर १९५२ मध्ये परत उठाव, परत लष्करी कायदा. जून १९५४ च्या निवडणुकीत विरोधकांना मोजक्या जागा मिळाल्या तर तेवढ्याही नुरीला सहन झाल्या नाहीत, पार्लमेंट बरखास्त, पक्षांवर बंदी, आणि सप्टेंबरमध्ये परत निवडणूक घेतली तेव्हा बहुतेक जागांवर समोर उमेदवारच नव्हता. १९५७ मध्ये नॅशनल डेमोक्रॅटिक, इस्तिक्लाल, कम्युनिस्ट आणि बाथ हे एकमेकांशी न पटणारे पक्ष लपूनछपून एका आघाडीत आले, पण त्यांच्या हातात सरकार बदलायचा कुठलाच मार्ग उरला नव्हता. तो लष्कराच्या हातात होता.

१९४१ गाळू नका, प्लीज

लष्करानेच का, याचं अर्धं उत्तर या वर्षात आहे आणि बहुतेक जण १९३२ च्या स्वातंत्र्यावरून थेट १९५८ वर येतात. एप्रिल १९४१ मध्ये रशीद अली अल-गैलानी आणि चार कर्नलनी सत्ता घेतली, अब्दुल इलाह, जो तेव्हा लहानग्या फैसलच्या वतीने कारभार बघत होता, पळाला. ब्रिटिशांनी बसऱ्याला फौज उतरवली आणि ती फौज भारतातून आलेली होती. (आपल्याकडच्या मराठा पलटणी तर पहिल्या महायुद्धातच तिथे लढल्या होत्या, कुतच्या वेढ्यातही अडकल्या होत्या, आणि १९३२ मध्ये दिनार येईपर्यंत इराकचं चलन आपला रुपयाच होता, तेव्हा हा इतिहास वाटतो तेवढा लांबचा नाही.) महिनाभरात इराकी सैन्य हरलं, अब्दुल इलाह ब्रिटिशांच्या जोरावर परत आला, आणि १९४२ ते १९४५ मध्ये चारही कर्नलना फाशी दिलं गेलं, त्यातल्या सलाहुद्दीन अल-सब्बाघला तर संरक्षण मंत्रालयाच्या दारातच टांगलं. कासिम १९३४ पासून अधिकारी होता, हे सगळं त्याच्या पिढीच्या डोळ्यासमोर घडलं. राजघराणं परक्यांच्या संगिनींवर परत आलं ही गोष्ट ऑफिसर मेसमध्ये कुणी विसरलं नाही. त्यात १९४८ ची पॅलेस्टाइनमधली हार, १९५५ चा बगदाद करार (ब्रिटन, तुर्कस्तान वगैरेंबरोबरचा संरक्षण करार), आणि १९५६ मध्ये ब्रिटन इजिप्तवर हल्ला करत असतानाही बगदाद त्याच करारात ब्रिटनबरोबर राहिलं.

फैसल दुसऱ्यालाच दोष देणं ही छोटी चूक, पण टाळाच. १९३९ मध्ये बाप गाझी कार अपघातात गेला तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता, १९५३ मध्ये अठरा पूर्ण झाल्यावर अधिकार मिळाले ते कागदावर, सूत्रं मामा आणि नुरीकडेच राहिली.

"कधी ना कधी होणारच होतं"

हे लिहिलं की तिसरा प्रश्न गायब होतो. जुलै १९५८ मध्ये लेबनॉन पेटलं होतं, आणि जॉर्डनच्या राजा हुसेनच्या मदतीसाठी इराकी सैन्य पाठवायचा हुकूम सरकारनेच काढला. विसावी ब्रिगेड रात्री बगदादमधून जाणार होती. कर्नल अब्दुल सलाम आरिफने ती ताब्यात घेतली, रेडिओ स्टेशन धरलं, राजवाड्याकडे तुकडी पाठवली, ब्रिगेडियर अब्दुल करीम कासिम आपली एकोणिसावी ब्रिगेड घेऊन मागून आला. त्याच सकाळी राजा आणि नुरी इस्तंबूलला बैठकीसाठी उडणार होते, म्हणजे एक दिवस उशीर झाला असता तर दोघंही हाताला लागले नसते.

उत्तर बरोबर आहे का हे कसं तपासायचं

तुम्ही लिहिलेली कारणं जॉर्डनला लावून बघा. घराणं तेच हाशिमी, राजा तसाच विशीतला, ब्रिटिशांनीच बसवलेली गादी, कैरोचा रेडिओ तिथेही तेवढाच जोरात, एप्रिल १९५७ मध्ये झरकाच्या लष्करी छावणीत गडबडही झाली, तरी हुसेन टिकला. तुमच्या कारणांनी जॉर्डनही पडायला हवं होतं असं निघत असेल तर काहीतरी राहून गेलंय. बहुतेक वेळा राहून जातं ते लष्कर. हुसेनने मार्च १९५६ मध्ये ब्रिटिश सेनापती ग्लबला स्वतः घालवून दिलं, ऑफिसरांच्या मनातला सगळ्यात मोठा काटा काढला, बेदुइन पलटणी त्याच्याशी घट्ट राहिल्या, आणि झरकाला तो त्या रात्री स्वतः जाऊन सैनिकांसमोर उभा राहिला. बगदादमध्ये अब्दुल इलाह १९४१ नंतर लष्कराच्या मनातून कायमचा उतरला होता, आणि १४ जुलैच्या पहाटे राजवाडा वाचवायला एकही पलटण पुढे आली नाही.