आर्ट्स अँड क्राफ्ट्स शैलीचे भरतकाम शिकताना

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये यंत्राच्या मालाऐवजी हातच्या कारागिरीला मान देणाऱ्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीच्या शैलीचे भरतकाम शिकू पाहणारे बहुतेक जण आधी टाक्यांची यादी मागतात. माझ्या अनुभवाप्रमाणे देठ टाका, साखळी टाका, लांब-आखूड टाका आणि रफूचा टाका एवढ्यावर सुरुवातीचे काम सहज निभते. खरा वेळ जातो तो झाड पाहण्यात आणि रेखाटण्यात. या चळवळीचे अग्रणी, नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी जुने भरतकाम उसवून टाक्यांची रचना समजून घेतली. त्यांची कन्या मे मॉरिस हिने १८८५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, वडिलांच्या मॉरिस अँड कंपनीच्या भरतकाम विभागाची सूत्रे हाती घेतली. तिच्या कामात वेलीचा प्रत्येक फाटा कोठून फुटला हे स्पष्ट दिसते, आणि नवशिक्याने नक्कल करायचीच असेल तर ती या शिस्तीची करावी.

लांब-आखूड टाक्याने पान भरताना आधी कडेने दुभंग टाक्याची (आधीच्या टाक्याचा धागा सुईने दुभागत जाणाऱ्या टाक्याची) रेघ घालावी. मग टोकापासून सुरुवात करून सुई आतून वर काढावी आणि त्या रेघेवरून बाहेरच्या बाजूस खाली न्यावी, म्हणजे कड धारदार येते. पुढच्या ओळीत आधीच्या टाक्याच्या धाग्यातूनच सुई वर काढायची असते. टाक्यांचा कल मधल्या शिरेकडे राहिला, तर रेशमाची चमक दिशेनुसार पालटते आणि एकाच रंगात दोन छटा भासतात.

रीतसर शिक्षणासाठी १८७२ मध्ये स्थापन झालेले, हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातील रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क आहे. मात्र तेथील राहण्याचा खर्च आधीच मांडून पाहावा. हाताने केलेल्या कामाला तासांच्या हिशेबाने मोबदला क्वचितच मिळतो, त्यामुळे अध्यापन किंवा वस्त्रजतनाची जोड हवी.

आपल्याकडील वाचकांना एक दुवा जवळचा वाटेल. इंग्लंडमधील लीक गावचे रंगारी थॉमस वॉर्डल यांच्याकडे मॉरिस यांनी नैसर्गिक रंगांचे प्रयोग केले. वॉर्डल यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी १८७९ मध्ये स्थापन केलेल्या भरतकाम मंडळात भारतीय टसरवर ठशांनी नक्षी छापून ती रेशमाने भरत असत. भंडारा-गडचिरोलीचा कोसा म्हणजे हेच टसर. त्यावर सराव करताना पार्श्वभूमी मोकळीच सोडावी, कारण त्याच्या सुतातील जाड-बारीकपणा आणि मधाळ रंग भरून झाकण्यासारखा नसतो.