कर्ज फेडताना घर सुधारताय? या चुका टाळा

हप्ते चालू आहेत म्हणून घराला हात लावायचाच नाही, हे काही खरं नाही. गळणारा सांधा तुमचं कर्ज फिटेपर्यंत थांबत नाही. आज जिथे फट बुजवून भागलं असतं, तिथे दोन वर्षांनी फरशी उखडावी लागते. चूक होते ती कामांच्या क्रमात. बहुतेक लोक डोळ्यांना खुपणारं काम आधी करतात: रंग, पडदे, कपाटाची हँडल्स. पैसे संपतात आणि पाणी आतल्या आत मुरत राहतं. कर्ज असताना माझ्या मते क्रम एकच: आधी पाणी, मग वीज, मग बिल कमी करणारी कामं आणि सगळ्यात शेवटी देखावा. पुढच्या बहुतेक चुका हा क्रम मोडल्यामुळेच होतात.

ओलीवर रंग मारणे

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. भिंतीवर डाग दिसला, पोपडे सुटले की ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला डबा आणायचा, पोपडे खरडायचे आणि दोन हात मारायचे. दीड-दोन महिने भिंत छान दिसते, मग त्याच जागी फुगे येतात.

कारण समजून घ्या. रंग तुम्ही आतून लावता आणि पाणी भिंतीच्या पाठीमागून येतं. वीट आणि गिलाव्यातले क्षार त्या पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे सरकतात. पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक रंगाच्या थराखाली वाढत राहतात. भिंतीला लोणा लागतो तो असा. स्फटिकांचा तो जोर आतून लावलेला रंग पेलू शकत नाही. उलट रंगाचा थर जितका घट्ट, तितकं पाणी आत कोंडतं आणि वर किंवा बाजूला वाट काढतं.

एका घरातलं उदाहरण सांगतो. निजायच्या खोलीची भिंत, पलीकडे न्हाणीघर. जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत ओल. कर्जाचे हप्ते चालू, त्यात क्रेडिट कार्डाची थकबाकी. ही भिंत तीन वेळा रंगवली गेली. दुसऱ्या वेळी पुट्टी भरली. तिसऱ्या वेळी गिलावा खरवडून वॉटरप्रूफ लेप दिला, वर महागडा रंग, आणि तो सगळा खर्च कार्डावर. चार महिन्यांत ओल लेपाच्या वरच्या कडेला, कमरेच्या उंचीवर उगवली.

तेव्हा कुठे पाण्याचा शोध सुरू झाला. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी कोणी नळ उघडायच्या आत पाहिलं तर तोच आकडा, म्हणजे दाबाखालची पाइपलाइन ठीक होती. राहिली सांडपाण्याची बाजू. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचं, तोंड घट्ट बंद करून मोरीत दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवलं आणि पातळीवर पेन्सिलने खूण केली. सकाळपर्यंत पाणी बोटभर खाली गेलं होतं. मग जाळीभोवती मळलेल्या पिठाची कड घालून तेवढा भाग वेगळा केला आणि पुन्हा पाणी भरलं. या वेळी बाकीच्या मोरीतलं पाणी जागेवर राहिलं. दोष जाळीपाशी होता: चौकटीभोवतीचं ग्राउट (फरशीच्या फटींत भरायचा मसाला) झडून फट पडली होती आणि रोजच्या आंघोळीचं पाणी तिथून फरशीखाली उतरत होतं. फट खरवडून, पूर्ण कोरडी करून इपॉक्सी ग्राउट भरलं (साधं सिमेंटचं ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाही), भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात सिलिकॉन दिलं. सामान एका छोट्या पिशवीत मावलं. तीन रंगकामांचे हप्ते मात्र ते घर पुढे बराच काळ फेडत राहिलं.

म्हणून आधी शोध. भिंतीवर साधारण 30 सेंटिमीटर लांब-रुंद अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि 24 ते 48 तास ठेवा. फॉइलच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे. तिथे भिंत फोडायची गरज नाही, हवा खेळती करायची आहे. मीटरची तपासणी करताना फ्लश टँक विसरू नका. टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतली रबरी सील गेली आहे.

पाणी थांबलं की वाळायला वेळ द्या. जुना ठोकताळा असा, की बांधकामाच्या दर 25 मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना. ऐकून अनेकांचा धीर सुटतो, पण इथे घाई केली तर सगळी मेहनत पाण्यात. सुटा गिलावा ओलीच्या खुणेपलीकडे 30 सेंटिमीटरपर्यंत काढून टाका, पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा. हीटर भिंतीवर रोखू नका. पृष्ठभाग वाळतो आणि गाभा ओलाच राहतो. वर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडून उचला, पाण्याने धुऊ नका. धुतलात तर तोच क्षार पुन्हा आत जातो. लोणा यायचा थांबला आणि फॉइलची परीक्षा कोरडी निघाली की एक भाग सिमेंट, चार भाग वाळू असा गिलावा करा. या भिंतीला जिप्समचं प्लास्टर नको, ते ओल धरतं. गिलाव्याला सात दिवस पाणी मारा आणि रंगापूर्वी एकूण 28 दिवस जाऊ द्या. ताज्या सिमेंटचा अल्क रंगाला खातो. नंतर पुट्टीचे दोन पातळ हात, प्रत्येकी दीड मिलिमीटरच्या आत, मग पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंग. एकाच जाड हातात खड्डा भरला तर पुट्टी तडकते.

या वाळण्याच्या काळात पैसे खर्च होत नाहीत. कर्ज फेडणाऱ्यासाठी हा सोयीचा काळ आहे.

घर सुधारायला नवी उधारी काढणे

‘हप्ता लहान आहे’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. हप्ता किती आहे, यापेक्षा एकूण किती जातात ते पाहा. महिना तीन टक्के व्याजाने शंभर उचलले आणि बारा समान हप्त्यांत फेडले तर सुमारे 120.50 भरावे लागतात. कार्डावर फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर चित्र आणखी वाईट. महिना तीन टक्के व्याज आणि थकबाकीच्या पाच टक्के किमान भरणा धरला, तर नवीन काहीही न घेता बाकी निम्मी व्हायला 32 महिने लागतात.

गृहकर्जावरचं टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर घेतलेलं वाढीव कर्ज, स्वस्त वाटतं, कारण दर कमी असतो. पण मुदत बघा. नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतलेल्या दर शंभरामागे शेवटी सुमारे 216 भरले जातात. आतला रंग वीस वर्षं टिकत नाही. उडून गेलेल्या रंगाचे हप्ते भरत असतानाच नव्या रंगाची वेळ येते. टॉप-अप घ्यायचंच असेल तर छप्पर, वायरिंग, मुख्य पाइपलाइन अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या कामासाठी घ्या आणि मुदत कमीत कमी ठेवा. ‘शून्य व्याजा’च्या हप्त्यात प्रक्रिया शुल्क किती, आणि तीच वस्तू रोख घेतली तर सूट किती मिळते, हे दोन आकडे विचारा. व्याज बहुधा तिथेच दडलेलं असतं.

माझा नियम साधा आहे. महागडं कर्ज असेपर्यंत घरासाठी दरमहा एक ठरलेली छोटी रक्कम वेगळी काढायची. हप्ता आणि जादा परतफेड झाल्यावर जी उरते त्यातूनच. ती साठेल तेवढंच काम. अपवाद दोन. पहिला म्हणजे पाणी किंवा विजेचा धोका: तो ताबडतोब निस्तरायचा. दुसरा म्हणजे वर्षभरात स्वतःचा खर्च बिलातून परत करणारी सुधारणा. 60 वॅटच्या जुन्या बल्बऐवजी 9 वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे 93 युनिट वाचतात. असा खर्च कुठल्याही कार्डाच्या व्याजापेक्षा लवकर फिटतो. मात्र वाचलेले पैसे घरखर्चात विरघळू देऊ नका. बिल कमी आलं की तेवढीच रक्कम त्याच दिवशी कर्जात भरा. आणि मोठी जादा रक्कम भरण्याआधी करारात मुदतपूर्व फेडीचा दंड आहे का, ते वाचा.

एकाच वेळी चार कामं उघडणं हीसुद्धा उधारीचीच वाट आहे. न्हाणीघर अर्धं, स्वयंपाकघर अर्धं, आणि हातातली रक्कम संपली की माणूस कार्ड काढतो. एक खोली, एक काम, ते पूर्ण, मग पुढचं. सुरुवात करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, तरी मी हेच सांगेन.

जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन

नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. काही आठवड्यांत पट्टी सोलून निघते आणि मधे पाणी साचून काळी बुरशी येते. जुनं ब्लेडने पूर्ण काढा, स्पिरिटने पुसा, रात्रभर वाळू द्या. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, ट्यूबचं नॉझल फटीच्या रुंदीइतकंच, तिरकं कापा आणि एका दमात पट्टी ओढा. ओलं बोट एकदाच फिरवा आणि साय धरायच्या आत टेप काढा. उशीर केलात तर कड फाटते. 24 तास पाणी नको. आरशाच्या मागे किंवा संगमरवरावर न्यूट्रल क्युअर सिलिकॉनच वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाचा पारा खातं आणि संगमरवरावर डाग पाडतं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

टपकणारा नळ बदलू नका, आधी उघडून पाहा. जुन्या पद्धतीच्या नळात बहुतेक वेळा फक्त वायसर झिजलेला असतो. अर्ध्या फेऱ्यात उघडणारा असेल तर सिरॅमिक कार्ट्रिज बदला, जुनं सोबत नेऊन, कारण दाते आणि उंची जुळावी लागते. टेफ्लॉन टेप आट्याचं तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळा. उलट गुंडाळलेली टेप फिटिंग आवळताना सुटून येते. प्लास्टिकच्या आट्यांवर पाना जोरात आवळू नका, तडा बाहेरून दिसत नाही.

रंग अंदाजे आणू नका. चार मीटर रुंद, तीन मीटर उंच भिंत म्हणजे 12 चौरस मीटर. दोन हातांचे 24. लिटरला दहा चौरस मीटर धरले तर 2.4 लिटर. त्यातून दारं-खिडक्या वजा करा. एकाच छटेचे दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. वेगवेगळ्या बॅचच्या छटेत फरक पडतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

सगळ्या फटी बुजवून वायुवीजन बंद करणं धोक्याचं आहे. बंद खोलीत वाफ कोंडून बुरशी येते, आणि गॅसवर चालणारं उपकरण तिथे असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. गॅस गीझर असलेल्या जागेतली झरोक्याची जाळी कधीही झाकू नका.

वायरिंगमध्ये काटकसर नको. स्वतः करण्यासारखं काम म्हणजे बल्ब बदलणं आणि महिन्यातून एकदा गळतीरोधक स्विचचं (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) चाचणीचं बटण दाबून पाहणं. बटण दाबूनही स्विच पडला नाही तर लगेच इलेक्ट्रिशियन बोलवा.

लॅमिनेटवर थेट रंग लावला तर नखाने निघतो. 180 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मारा, तेलकटपणा पुसा, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर लावा. आणि पार्टिकल बोर्डाची कड फुगली असेल तर ती रंगाने बसत नाही. तेवढी फळी बदला आणि नव्या फळीच्या चारही कडा पट्टीने बंद करा.

कपाट पाडायच्या आधी बिजागरी पाहा. दार लोंबकळतं ते बहुतेकदा स्क्रूचं भोक मोठं झाल्यामुळे. लाकडाच्या गोंदात बुडवलेल्या काड्या भोकात ठोकून भरा, 24 तास वाळू द्या, वर आलेला भाग कापा आणि बारीक भोक पाडून स्क्रू पुन्हा बसवा. हँडल बदलायचं असेल तर दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. 96 आणि 128 मिलिमीटर ही नेहमीची मापं. त्याच मापाचं नवं हँडल घेतलं तर जुनी भोकं बुजवून दार रंगवायचं काम वाचतं.