पॉइंट-टू-पॉइंट वायरलेस लिंक बसवताना या चुका टाळा

पॉइंट-टू-पॉइंट लिंक म्हणजे दोन ठिकाणी समोरासमोर अँटेना लावून हवेतून जोडलेले नेटवर्क. समोरचा टॉवर गच्चीवरून दिसतो म्हणजे लिंक लागणारच, हा समज सर्वांत महागात पडतो. रेडिओलहरी दोन अँटेनांमध्ये ताणलेल्या दोरीसारख्या जात नाहीत. त्यांना दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली अशी मोकळी जागा लागते, जिला फ्रेनेल झोन म्हणतात. 5.8 गिगाहर्ट्झवरील 5 किलोमीटरच्या लिंकसाठी मध्यावर तिची त्रिज्या सुमारे 8 मीटर भरते आणि त्यातला किमान 60 टक्के भाग, म्हणजे दृष्टिरेषेच्या खाली जवळपास 5 मीटर, मोकळा असावा लागतो.

कोकणात मार्चमध्ये बसवलेली अशी एक लिंक जूनअखेर वारंवार तुटू लागली, तेव्हा मी पावसाला दोष देत दोनदा रेडिओ (अँटेनामार्फत सिग्नल पाठवणारे आणि घेणारे यंत्र) बदलले. वास्तविक या फ्रिक्वेन्सीवर एवढ्या अंतरात मुसळधार पावसानेही होणारी घट किरकोळ असते. पाऊस खऱ्या अर्थाने नडतो तो 10 गिगाहर्ट्झच्या वर. दुर्बीण लावल्यावर कारण दिसले: मार्चमध्ये निष्पर्ण असलेले साग आता रुंद, ओल्या पानांनी भरले होते. पाहणी उन्हाळ्यात करायची असेल, तर झाडे पानांनी भरली आहेत आणि पुढे वाढणारही आहेत, असे धरूनच अँटेना ज्यावर बसते त्या पाईपची उंची ठरवावी.

दुसरी चूक म्हणजे किती सिग्नल यायला हवा, याचे गणित न करताच डिश (वाटीसारखी अँटेना) फिरवणे. वर दिलेल्या अंतरात मोकळ्या हवेतील घट सुमारे 122 डेसिबल (सिग्नल किती पटीने घटतो वा वाढतो, याचे माप) असते. दोन्हीकडे 23 डीबीआयच्या (डिश सिग्नल किती एकवटते, याचे डेसिबलमधील माप) डिश आणि 13 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप) ट्रान्समिट पॉवर, म्हणजे रेडिओ पाठवतो ती ताकद, धरली, तर पलीकडे साधारण उणे 63 डीबीएम मिळायला हवेत (13 + 23 + 23 − 122). (5725 ते 5875 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात भारतात डिशसह एकूण मर्यादा 36 डीबीएम आहे, त्यातून डिशचे 23 वजा करून 13.) प्रत्यक्षात उणे 82, म्हणजे बराच कमकुवत सिग्नल, दिसत असेल आणि तरीही लिंक चालू असेल, तर डिश बहुधा मुख्य झोतावर नसून बाजूच्या दुय्यम झोतावर अडकली आहे. अशा वेळी पॉवर वाढवणे हा उपाय नव्हे. एका टोकाची डिश स्थिर ठेवून दुसरी आडव्या दिशेने, सर्वोच्च आकडा ओलांडून पुढेपर्यंत, सावकाश फिरवावी, मगच उभा कोन जुळवावा आणि त्यानंतर हेच पहिल्या टोकाला करावे. नट आवळतानाही डिश किंचित सरकते, त्यामुळे ते आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत आणि नजर आकड्यावर ठेवावी.

वेग वाढावा म्हणून 80 मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल (लिंक वापरते तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) निवडण्याचा मोहही टाळावा. रुंदी दुप्पट झाली की नॉईज (सिग्नलमध्ये मिसळणारा नको असलेला गोंगाट) 3 डेसिबलने वाढतो, शिवाय शेजारच्या लिंकचा अडथळाही अधिक येतो. गजबजलेल्या गावात 20 किंवा 40 मेगाहर्ट्झच अधिक स्थिर चालते.

सिग्नल उत्तम असूनही वेग 94 एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) आसपास अडून राहिला, तर रेडिओला हात लावण्याआधी लॅन पोर्टचा, म्हणजे नेटवर्कची केबल लागते त्या खाचेचा, वेग पाहावा. तो 1000 ऐवजी 100 दिसत असेल आणि दोन्हीकडची उपकरणे गिगाबिटची असतील, तर केबलमधील तारांची एखादी जोडी तुटलेली किंवा कनेक्टर गंजलेला असण्याची शक्यता मोठी. कनेक्टर नव्याने क्रिंप करावा (पकडीने दाबून केबलला बसवावा), तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल असल्यास ती बदलून शुद्ध तांब्याची घ्यावी, आणि रेडिओत शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी पोर्टकडे न वाहता तिथेच ठिबकेल.