उतारावर ट्रेकिंग पोल आत सरकत असेल तर

पावसाळी ट्रेकमध्ये उतरताना पोलवर भार टाकला की तो अचानक आखूड होतो आणि तोल जातो. बहुतेक वेळा पोल खराब नसतो, लॉक सैल किंवा आतली नळी ओली-मातकट झालेली असते.

१. बाहेरून क्लिप असलेला पोल: क्लिप उघडा, तिच्या बाजूचा छोटा स्क्रू पाव फेरा आवळा, बंद करून पोलवर जोर देऊन बघा. सरकला तर आणखी पाव फेरा. क्लिप बोटाने जोर लावून बंद व्हायला हवी. पक्कड लागत असेल तर जास्त आवळलंय, क्लिप तुटेल.

२. पिळून बसणारा पोल: भाग पूर्ण ओढून वेगळे करा. नळी आणि टोकाचं प्लास्टिक कोरड्या फडक्याने पुसा. नळीच्या आत साचलेली लाल माती बाटल्या धुण्याच्या लांब ब्रशने काढा.

३. नळीवरच्या 'स्टॉप' खुणेपुढे पोल कधीच ओढू नका. तिथे पकड उरत नाही, नळी वाकतेही.

ट्रेकहून आल्यावर भाग सुटे करून रात्रभर पंख्याखाली ठेवा. एवढा आळस टाळला तरी निम्मा त्रास जातो. नवीन घेणार असाल तर क्लिपवालाच घ्या, ओल्या हातांनीही लॉक होतो.

सावधान: नळीला तेल किंवा ग्रीस लावू नका. लॉक घर्षणावरच धरतो. आणि हात टेकून उतरायच्या कातळटप्प्यावर मनगटातला पट्टा आधी काढा.